शिकून परत आलेल्यांचे काय ?

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकावयास निघाली की आपल्याकडे सत्कार होतो. हार, नारळ, शाल, दोन भाषणे आणि वर्तमानपत्रात फोटो. असे हार आम्हीही पुष्कळांच्या गळ्यात घातले आहेत. पण तीच मुले दोन-तीन वर्षांनी पदवी घेऊन परत येतात आणि घरी बसून अर्ज लिहू लागतात, तेव्हा त्यांच्या दारी कोणी नारळ घेऊन जात नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या परतीच्या दिवसांविषयी.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारे. आमची शाळा दहावीपाशी थांबली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. असल्या माणसाने परदेशी शिक्षणावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु नोकरी कशी मिळते, कशी अडते आणि कोणत्या अटींवर टिकते, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. शिवाय परदेशी जाणारी मुले आता बंगल्यांतूनच निघतात असे नाही. दोन खोल्यांच्या घरांतूनही निघतात, आणि त्या दोन खोल्या बँकेकडे गहाण पडलेल्या असतात. म्हणून हा प्रश्न आमच्या कचेरीत आपल्या पायांनी चालत आला.

तो आला तो असा. आमच्या संघटनेचा एक जुना सभासद, लेथवर काम करणारा, एक दिवस संध्याकाळी कचेरीत येऊन गप्प बसला. त्याचा मुलगा इंजिनियर होऊन २०२३ साली इंग्लंडला एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला होता. निरोपाच्या वेळी हार आम्हीच घातला होता. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, “भाऊ, पोरगं सुट्टीवर आलंय म्हणून सांगतोय गल्लीत. आता सातवा महिना लागला. सुट्टी आणखी किती दिवस सांगू ?”

आम्हांला त्या क्षणी आमचीच लाज वाटली. मुलगा परत आल्याचे आमच्या कानावर होते; पण ‘मोठा शिकून आला आहे, त्याला आपली काय गरज’ असे समजून आम्ही त्या घराची पायरी चढलो नव्हतो. घरच्यांनी लपवायचे आणि गावाने पाहायचे नाही, अशा रीतीने हा प्रश्न झाकून राहतो. झाकून राहिला म्हणजे मुलाला वाटू लागते की दोष आपल्यातच आहे. हा समज खोटा आहे, आणि तो खोटा का हे सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी जुन्या गोष्टी आठवू. परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या माणसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांएवढी तयारी कितीजणांची होती ? बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परत यावे लागले. नोकरीसाठी त्यांना वणवण करावी लागली नाही. कराराप्रमाणे बडोद्यास नोकरी तयारच होती. पण राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे दारात उभी राहिली. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकीत. शेवटी नोकरी सोडून ते मुंबईस परतले. तेथे व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला, तर जात कळताच गिऱ्हाईक तुटले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा कोठे पाय टेकावयास जमीन झाली.

दुसरी गोष्ट डॉ. हरगोविंद खुराना यांची. हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले, १९४८ साली लिव्हरपूलची डॉक्टरेट मिळविली, आणि १९४९ साली मायदेशी आले. येथे त्यांना काम मिळाले नाही. ते पुन्हा इंग्लंडला गेले, तेथून कॅनडा आणि मग अमेरिका. १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. पण १९४९ साली त्यांच्या विद्येला या देशात एक टेबल मिळाले नव्हते. हा धडा सरकारही पुढे शिकले. १९५८ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेमार्फत परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी एक योजना निघाली. कायमची जागा मिळेपर्यंत त्यांना एखाद्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात तात्पुरते काम आणि वेतन द्यावयाचे, अशी तिची कल्पना होती. म्हणजे परतणे आणि नोकरी लागणे यांच्यामध्ये एक दरी असते, आणि ती एकट्याने उडी मारून ओलांडण्यासारखी नसते, हे सरकारने मान्य केले.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची, आणि ही आनंदाची आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती तो दिला गेला. वार्ष्णेय उत्तरेकडचे. त्यांच्याजवळ विद्या होती. पण काचेची विद्या भट्टीवाचून काय कामाची? लोकांच्या एकेका पैशाने ती भट्टी पेटविली. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभर निरनिराळ्या काचकारखान्यांत पसरले. परक्या देशातून आणलेली एका माणसाची विद्या अशी शेकडो हातांत गेली.

या तिन्ही गोष्टींत विद्येची कमतरता कोठेच नव्हती. बाबासाहेबांना निवारा आणि माणुसकी हवी होती, खुरानांना कामाची जागा हवी होती, आणि वार्ष्णेयांना या दोन्ही गोष्टी लोकांनी दिल्या. विद्या माणूस बरोबर घेऊन येतो. ती जेथे राबवायची ती जागा मात्र गावाने द्यावी लागते. आजच्या मुलांचे दुखणेही हेच आहे, फक्त अडसरांची नावे बदलली आहेत. ते अडसर एकेक करून पाहू.

कागदाचा अडसर

पहिला अडसर पदवीच्या मान्यतेचा. खाजगी कारखान्यात किंवा कंपनीत मालकाने पदवी मानली की काम भागते. परंतु सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा येथील पुढचे शिक्षण हवे असेल तर परदेशी पदवी येथल्या पदवीच्या तोडीची आहे असा दाखला लागतो. हे काम वर्षानुवर्षे भारतीय विद्यापीठ संघ करीत आला. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी स्वतःचे नवे नियम काढले. ब्रिटनच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला आपल्याकडे पूर्वी मान्यता मिळत नसे. जुलै २०२२ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला आणि तो अडसर दूर झाला. मात्र डॉक्टरी, वकिली, वास्तुकला असल्या व्यवसायांना हे लागू नाही. तेथे त्या त्या परिषदेचे राज्य.

डॉक्टरीची वाट सर्वांत खडतर. परदेशी शिकून आलेल्या डॉक्टराला २००२ सालापासून येथे एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, आणि उत्तीर्ण व्हावयास दीडशे गुण. अलीकडच्या कित्येक खेपांना बसलेल्यांपैकी चौथा हिस्साही उत्तीर्ण झालेला नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम निदान चोपन्न महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा पाहिजे, तेथे बारा महिन्यांची आणि येथे पुन्हा बारा महिन्यांची उमेदवारी पाहिजे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि आपली हजारो मुले अर्ध्या शिक्षणातून परत आली, तेव्हा या नियमांचा अर्थ घराघरांत कळला. आमचे सांगणे एवढेच की हे नियम प्रवेश घेण्यापूर्वी वाचावेत. दलाल वसतिगृहाचे फोटो दाखवितो, नियम दाखवीत नाही.

जे परत येणार आहेत त्यांनी गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्रवेशापासूनची सर्व पत्रे तेथून निघतानाच गोळा करून, साक्षांकित करून आणावीत. एक कागद मागाहून मागवावयाचा म्हणजे महिने जातात आणि अर्जाची तारीख तोपर्यंत थांबत नाही. पासपोर्टही जपून ठेवावा. खरोखर त्या देशात राहून शिकलात, याचा तो पुरावा असतो.

हंगामाचा अडसर

दुसरा अडसर पुष्कळांना दिसतच नाही. शेतीप्रमाणे नोकरभरतीलाही हंगाम असतो. मोठ्या कंपन्या नवी मुले घेतात ती बहुधा कॉलेजात जाऊन, शेवटच्या वर्षाच्या मुलांतून. त्या रांगेत उभे राहावयास त्या कॉलेजचे असावे लागते. परदेशातून परतलेला मुलगा कोणत्याच येथल्या कॉलेजचा नसतो. नवशिक्यांच्या दारी जावे तर ‘तुमची पदवी मोठी आहे’ म्हणतात. अनुभवी माणसांच्या दारी जावे तर ‘येथला अनुभव कोठे आहे?’ म्हणून विचारतात. दोन्ही दारांच्या मध्ये तो उभा राहतो.

मालकाच्या मनातली भीतीही समजून घेतली पाहिजे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना काय बोलतात ते ऐकण्यात आमचा जन्म गेला. मालकाला वाटते की हा पगार जास्त मागेल, चार महिन्यांत पुन्हा परदेशी पळेल, आणि याला ओळखणारे येथे कोणी नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत जड. आपल्याकडे लहान-मध्यम कारखान्यांत नोकऱ्या लागतात त्या बऱ्याच अंशी कोणीतरी शब्द टाकल्यामुळे. दोन-तीन वर्षे बाहेर राहिलेल्या मुलाचा हा धागा तुटलेला असतो. कामगाराच्या मुलाच्या हाती तर तो धागा मुळातच बारीक.

कर्जाचा अडसर

तिसरा अडसर सर्वांत क्रूर. पंचवीस लाखांचे शैक्षणिक कर्ज अकरा टक्के व्याजाने घेतले आणि दहा वर्षांत फेडावयाचे ठरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे चौतीस हजार चारशे रुपये पडतो. आमच्या सभासदाच्या मुलाला पहिली जी नोकरी सांगून आली तिचा पगार तीस हजार होता. म्हणजे सगळा पगार बँकेत भरला तरी हप्ता पुरा होत नाही. हप्ता सुरू होण्यापूर्वी शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे काही महिने सवलत असते खरी. पण व्याज त्या काळातही चढतच असते. याच हिशेबाने वर्षाला पावणेतीन लाख.

मुदत पंधरा वर्षे करून घेतली तर हप्ता अठ्ठावीस हजार चारशेवर येतो. पण एकूण व्याज जवळजवळ दहा लाखांनी वाढते. हे दोन्ही आकडे सहीपूर्वी कागदावर मांडून पाहावेत. आणि हप्ता थकण्याच्या आधी बँकेत जावे, थकल्यावर नव्हे. आम्ही त्या बापलेकांबरोबर बँकेत गेलो तेव्हा व्यवस्थापकाने पहिला प्रश्न विचारला, “इतके दिवस का आला नाहीत ?” उत्तर सोपे होते. बाप लाजत होता.

ज्याच्या डोक्यावर असला हप्ता असतो तो नोकरी निवडत नाही, मिळेल त्या कागदावर सही करतो. त्या मुलाकडे एका ठिकाणचा करारनामा आला होता. तीन वर्षे सोडून जावयाचे नाही, गेल्यास मोठी रक्कम भरावयाची, आणि मूळ प्रमाणपत्रे त्यांच्या तिजोरीत ठेवावयाची. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, नकला द्याव्यात, हे आम्ही निक्षून सांगतो. बाकीच्या अटींविषयी कायदा थोडक्यात असा आहे. नोकरी सोडल्यावर त्या धंद्यात दुसरीकडे काम करू नये ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने सामान्यतः रद्दबातल ठरते. पण ठराविक मुदतीपूर्वी सोडल्यास भरपाई द्यावी ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची मुदत आणि दोन लाखांची भरपाई ग्राह्य धरली. म्हणून ‘असल्या करारांना काही अर्थ नसतो’ या ऐकीव सल्ल्यावर कोणी विसंबू नये. रक्कम किती, मुदत किती, आणि बदल्यात खरोखर काय शिकविणार, हे तीन प्रश्न सहीपूर्वीच विचारावेत.

नेमणूकपत्र लेखी मागावे, हे तर आमचे जुनेच पालुपद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रमसंहिता लागू झाल्या त्यांच्याशी संघटनांचे भांडण पुष्कळ आहे आणि ते चालू राहील. परंतु कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे हे त्यांत आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. परदेशी पदवी घेतलेली मुले आपल्याला ‘कामगार’ म्हणवून घेण्यास कचरतात. पगारासाठी दुसऱ्याकडे राबतो तो कामगार, मग तो हातात पाना घेवो की संगणकावर बोटे चालवो. हे ज्याला लवकर कळते तो लवकर सावध होतो.

मग उपाय काय ?

आमच्या सभासदाच्या मुलाची गोष्ट पुरी करतो. बँकेने मुदत वाढवून दिली. आम्ही त्याला घेऊन भोसरीतल्या एका लहान कारखान्याच्या मालकाकडे गेलो. या मालकाशी आम्ही दोनदा संप लढलो आहोत, त्यामुळे आमची ओळख पक्की. आम्ही म्हटले, “तीन महिने पाहा. पगार आजचा बाजारभाव द्या, पण द्या.” मुलाला सांगितले, “पहिला महिना पदवीचे नाव काढू नकोस. मशीनवरचा जुना माणूस काय करतो ते बघ.” तो तपासणी खात्यात लागला. माल नाकारला जाण्याची कारणे त्याने रोज एका वहीत लिहून काढली आणि दोन जुन्या कारागिरांना बरोबर घेऊन मोजमापाची पद्धत बदलली. तीन महिन्यांनी मालकाने त्याला कायम केले. पगार त्याने इंग्लंडला जाताना मनात धरलेल्या आकड्याच्या निम्माही नाही आणि घर अजून गहाणच आहे. पण बाप आता गल्लीत ‘सुट्टी’ सांगत नाही.

यात आमचा पराक्रम काही नाही. मुलाजवळ विद्या होती. आम्ही फक्त शब्द टाकला, आणि तोही सात महिने उशिरा. त्यानंतर आम्ही कचेरीत एक वही ठेवली. तिच्या डाव्या पानावर परत आलेल्यांची नावे आणि ते काय शिकले ते. उजव्या पानावर कोणत्या कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत ओळखीचे कोण आहे ते. काहींचे जुळते, काहींचे जुळत नाही. पण आपले नाव कोणीतरी लिहून घेतले आहे, एवढ्यानेही मुलांची मान वर होते असे आम्ही पाहिले.

परतणारांची संख्या पुढे वाढण्याची चिन्हे आहेत. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी कुशल नोकरांच्या नव्या व्हिसा-अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविले. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर राहून काम शोधण्याची मुदत दोन वर्षांची असे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, डॉक्टरेटवाले वगळून, ती अठरा महिनेच मिळावयाची असे ठरले आहे. बाहेरची दारे अरुंद होत असताना घरचे दार तरी उघडे पाहिजे.

या व्याख्यानमालेला येणाऱ्या मंडळींत निवृत्त अधिकारी आहेत, कारखानदार आहेत, बँकेतले आहेत, शिक्षक आहेत. आपणांपैकी प्रत्येकाने वर्षातून एका परतलेल्या मुलाला किंवा मुलीला घरी बोलवावे, काय शिकून आलात ते ऐकावे, आणि एका ठिकाणी शब्द टाकावा. पैसा फंडाने माणशी एक पैसा मागितला होता. आम्ही माणशी एक शब्द मागतो.

शेवटी एक आठवण. १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून सरकारने सेवायोजन कार्यालये काढली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. बडोद्यात ज्याला डोके टेकावयास जागा मिळाली नव्हती, त्याच माणसाच्या खात्याने हजारो परतणाऱ्यांसाठी दार उघडले. त्या कार्यालयांचा पुढे पुष्कळ ठिकाणी नुसता नोंदणीचा सोपस्कार झाला, ही गोष्ट वेगळी. मूळ कल्पना मात्र आजही खरी आहे : दुरून परत आलेल्या माणसाला ‘कधी आलास ?’ एवढे विचारून थांबू नये, ‘काम लागले का ?’ हेही विचारावे.